पंप नाही तर पाय

“पंप, पंप काय लावलं जी तुम्ही? पंप काय तुमचा साळा लागते?”

साकोलीच्या हमरस्त्यावर, दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर तुलाराम मिस्त्री कृष्णरावांना हे बोलला. कृष्णराव राइस मिलचे मालक. त्यांच्याशी या सुरात बोलणारा गावात दुसरा कोणी नव्हता. तुलाराम सगळ्यांशीच असा बोले. त्याला त्याचं काही वाटत नसे, आणि ऐकणाऱ्यांनाही आता वाटेनासं झालं होतं.

तो मासे धरणाऱ्या घरातला. बाप मंगरू तळ्यात जाळं टाके. ते बुडाच्या खुंटाला अडकलं की तुलाराम बुडी मारून सोडवी. सोळाव्या वर्षी तो एका नादुरुस्त ट्रकखाली शिरला आणि पुढची तीस वर्षं कोणत्या ना कोणत्या गाडीखालीच राहिला. त्याची बायको यशोदाबाई म्हणे, “याले बापानं पाण्यातून काढलं. आता गाडीखालून कोण काढन?”

गोष्ट त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतली. कृष्णरावांच्या जुन्या डिझेल जीपचं दिवाळीपासूनचं दुखणं वरून साधं होतं. उभी असताना एंजिन बरं चाले. रस्त्यावर ॲक्सिलेटर दाबला की मात्र गाडी उठत नसे. एक, दोन, तीन मोजावेत, मागून काळा धूर निघावा, आणि मग तिनं नाइलाजानं पुढं सरकावं. ट्रक ओलांडायला घेतला की ट्रकच्या बरोबरीनं लटकून राहायची पाळी येई. असंच एकदा समोरून बस आली. मागच्या सीटवर कृष्णरावांच्या पत्नी लीलाबाई होत्या. अंगावर आलं ते थोडक्यात टळलं, पण कृष्णरावांनी त्या दिवसापासून एकच धरून ठेवलं: पंप नाही तर पाय.

म्हणजे एंजिनाला डिझेल देणारा पंप तरी बिघडला, नाही तर परसरामचा पाय. परसराम हा बारा वर्षांपासूनचा त्यांचा ड्रायव्हर.

“पंप चांगला असन तर शनिवारपासून वरठीचा ड्रायव्हर येते,” कृष्णराव म्हणाले. “तिसरं काही नाही.”

आणि पंप चांगला आहे, हे तुलारामला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो ते ओरडून सांगत होता. तो जितका ओरडे, तितका परसराम मिटत जाई. हे ध्यानात यायला तुलारामला दोन दिवस लागले.

“तू काहून थोबाड पाडून बसला बे?”

“तुम्ही पंपाले निर्दोष सोडून राहिले, मिस्त्री. मंग फाशी कोणाले?”

तुलाराम पान्यासकट वळून जीपवरच चिडला. डिझेलच्या नळीतली हवा काढली. डिझेल फिल्टर बदलला. नोझल काढून डिझेलचा फवारा पाहिला. ॲक्सिलेटरची दांडी हलवून हलवून थकला. एअर क्लिनरचं तेलाचं भांडं त्यानं सुरुवातीलाच उघडलं होतं. हवेतली धूळ त्या तेलात बसते. तेल काचेसारखं स्वच्छ निघालं, तेव्हा परसरामला म्हणाला होता, “ड्रायव्हर असावा तं असा.” असं काही त्याच्या तोंडून वर्षातून एकदा निघे.

शुक्रवारी सकाळी उघडायला काही उरलं नाही. तेव्हा केवळ रागाच्या भरात त्यानं एअर क्लिनरकडून एंजिनकडे जाणारी जाड रबरी नळी उपटून काढली.

“चालव अशीच.”

“उघडी?”

“उघडी! तुह्या बापाचं काय जाते?”

परसरामनं ॲक्सिलेटर दाबला आणि जीप उडाली. मोजायला एकसुद्धा मिळाला नाही. धूर नाही. फर्लांगभर जाऊन ती परत आली, तेव्हा तुलाराम जमिनीवर बसला होता. बुडाशी जाळं सोडवताना दम सरत आला की बोटं कशी सांगितलेलं उशिरा ऐकतात, हे त्याला आतून ठाऊक होतं. एवढं ठाऊक असून, गाडीचा दम कोंडलाय हे न ओळखता आपण आठवडाभर तिला डिझेल पाजत बसलो.

आणि ते तेल! ही गाडी रोज मिलच्या अंगणात कोंड्याच्या ढिगाशेजारी उभी राहते. तिचं तेल स्वच्छ? मग कोंडा अडतो कुठं?

त्यानं एअर क्लिनरची वरची टोपी काढली. हवा आत जाते त्या तोंडावर लुगड्याचा तुकडा तारेनं बांधलेला. दुहेरी, कडा नीट शिवलेल्या. त्यावर ओलसर कोंड्याचा भाकरीएवढा थर.

“हे काय होय?”

“माझंच होय जी,” परसराम सहज म्हणाला. “कोंडा आत जाते म्हणून माझ्या बायकोनं, रुखमानं, शिवून देलं. एंजिन खराब झालं तं मालकाचं नुकसान. धुतो नं मी महिन्याले.”

“अन् दिवाळीपासून?”

“दिवाळीपासून दुहेरी लावलो. धानाचा सीझन, लय उडते.”

“गाढवा, तुह्या नाकाले बांधू का दुहेरी? अन् मंग पळ बरं वरठीपर्यंत!”

परसराम फडक्याकडे पाहून म्हणाला, “म्हणजे कसूर माझीच. मालकाले मी सांगतो.”

“गप बस.” तुलारामनं फडकं सोडून खिशात घातलं आणि नळी पुन्हा जोडली.

दुपारी कृष्णराव आले. स्वतः चाकावर बसले, गावाबाहेर जाऊन परत आले. तोवर शेजारचा चहावाला ताराचंद आणि त्याची गिऱ्हाइकं तुलारामच्या टिनाच्या शेडमध्ये जमली होती.

“उठली!” कृष्णराव उतरता उतरता म्हणाले. “शेवटी खोललाच नं पंप?”

सगळे तुलारामकडे वळले. परसरामनं तोंड उघडलं. तुलारामनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

“बोला नं, मिस्त्री. पंप होता का पाय?”

तुलारामच्या मानेची शीर ताठली. फडकं त्याच्या खिशात होतं.

“आज जीभ डिझेलात पडली वाटते,” ताराचंद म्हणाला. माणसं हसली.

“अरे, पंपच!” कृष्णरावांनी मांडीवर थाप मारली. “मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो. याले मशीन समजते, पण आयकाले नको कोणाचं. परसराम, वरठीवाल्याले नाही सांगून देतो. बस गाडीत.”

परसराम बसला. तुलारामनं पाना खाली ठेवला, हसणाऱ्या माणसांमधून वाट काढली आणि एक शब्द न बोलता शेडबाहेर निघून गेला.