दोन महिने आधी सोडलेला वळू

माळावरच्या त्या कळपात सत्तरेक गायी होत्या. दाव्याची त्यांना सवय नव्हती. माणूस जवळ आला की शिंगं रोखायच्या. एका वहिनींना तेवढं वीस पावलांवर येऊ द्यायच्या. नवऱ्यामागे वहिनींनीच हा कळप राखला होता. सोबतीला धाकटे दीर.

गायी सगळ्या मिळून दीड महिन्यात व्यायच्या, कोवळं गवत वर येतं तेव्हा. गाय हळूच कळपातून सटकायची, वासरू झुडपात दडवायची आणि आपण भलतीकडेच चरत राहायची. वहिनी शोधायला जात नसत. लांबून कास रिकामी दिसली की वासरू प्यालं, एवढं त्यांना पुरे होतं.

वळू कुंपणात असायचा. तो कधी सोडायचा ते वहिनी ठरवत. एका वर्षी मात्र दिरांनी तो परस्पर दोन महिने आधी सोडला.

"लवकर व्याल्या की वासरंही लवकर मोठी होतील," ते म्हणाले.

"आणि दूध कशावर देतील, भावजी? दगडांवर?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोडा घालता, वहिनी."



गाभण गायींपैकी निम्म्या नुकत्याच व्यायल्या होत्या, निम्म्या व्यायच्या होत्या. त्यांनी वळूला धूप घातला नाही. कालवडी आणि त्या वर्षी गाभण नसलेल्या गायी मिळून अकरा जणी मात्र गाभण राहिल्या. नऊ महिन्यांनी त्या व्यायल्या, तेव्हा माळावर हिरवी काडी नव्हती. पहिल्याच आठवड्यात तीन वासरं गेली. एका कालवडीनं तर आपलं वासरू हुंगलंसुद्धा नाही.

वहिनी वाळल्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन रोज वर जाऊ लागल्या. दुसऱ्या दिवसापासून दीरही भारा उचलून मागे चालू लागले. पंधरा दिवस असंच चाललं.

"आठ राहिली," शेवटी दीर म्हणाले.

"सात. तांबडीचं काल गेलं."

दीर खाली बसले. वहिनींनी त्यांचा भारा सोडला आणि गवत पसरलं.

पुढच्या खेपेला दिरांनी आधी विचारलं, "वळू कधी सोडायचा?"

"गायींच्या बरगड्या अजून मोजता येतायत. भरू द्या अंगं."

त्या अकरा जणींपैकी बऱ्याच त्या वर्षी माजावर आल्याच नाहीत. त्यांतल्या तांबडीला विकून टाकू, असं दीर म्हणत होते. वहिनींनी विकू दिली नाही. त्यानंतरच्या वर्षी ती माजावर आली आणि पुढच्या कोवळ्या गवताला इतरांबरोबरच व्यायली. कालवड झाली.