गच्चीवरचे वर्ग

डिंडोलीतल्या आमच्या महापालिकेच्या मराठी शाळेत सातवी-आठवीचे वर्ग गच्चीवर, पत्र्याच्या खोल्यांत भरायचे. वर जायला एकच अरुंद जिना. आगीपासून सुरक्षेचा हुकूम गुजरात सरकारकडून आला, तेव्हा मला तो पटलाच. त्या जिन्याची धास्ती मलाही वाटायची. पण हुकुमाबरोबर नव्या खोल्यांसाठी काहीच आलं नव्हतं. ते महापालिकेनं बघायचं होतं.

झोन ऑफिसचे साहेब खोल्यांना सील लावायला आले. आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मग मुलांना बसवू कुठे?"

"बेन, उपरथी ऑर्डर छे," साहेब म्हणाले. हुकूम वरून आलेला, नवं बांधकाम कधी होईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही दोन्ही वर्ग खालच्या व्हरांड्यात घेऊ लागलो. मुलं मांडीवर दप्तर ठेवून लिहायची. काही आठवड्यांनी तेच साहेब परत आले. व्हरांडा ही बाहेर पडायची वाट, ती मोकळी ठेवा, असंही त्याच हुकुमात होतं. या वेळी ते आमच्याकडे न बघताच बोलले. शेवटी दोन्ही वर्ग रेल्वेलाइनपलीकडच्या गुजराती शाळेला जोडले गेले.

दिवाळीनंतर कळलं, आठवीतली एक मुलगी तिकडे जातच नाही. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. मी तिच्या घरी गेले. वडील उधन्याला लूमवर गेलेले. आई आणि ती, दोघी जमिनीवर साडी पसरून खडे चिकटवत होत्या.

"तिले तठलं काहीच समजस नही, बाई," आई म्हणाली.

गुजराती तिला बोलता यायचं, गल्लीत ती तेच बोलायची. पण पुस्तकातलं गुजराती वेगळं. पहिल्या चाचणीत गणिताचा पेपर तिने कोराच दिला होता, प्रश्नच वाचता आले नाहीत म्हणून. हे सांगताना तिने हातातलं काम थांबवलं नाही. चहा घेतला आणि उठले.

ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. "बाई, दहावी बाहेरून देता येते ना?"

"येते. मराठीतून देता येते का, विचारते."

तेव्हापासून दर रविवारी ती माझ्या घरी येते. बोटांना गोंद असतो, तो खरवडत गणितं सोडवते. बाकीच्यांपैकी कोण तिकडे टिकलं, मला नीटसं माहीत नाही.