तुरीच्या तासाला युरिया

आमच्या शेतात ज्वारीबरोबर तूर पेरतात ती अशी. तिफणीच्या दोन दात्यांतून ज्वारी पडते, तिसऱ्याचं भोक बुजवतात आणि मागे सरता बांधतात. सरता म्हणजे वर वाटी असलेली बांबूची नळी. ती धरून मागून चालणारी बाई मुठीतून तुरीचे दाणे सोडत जाते. दोन तास, म्हणजे ओळी, ज्वारी, एक तास तूर. सरता माझी बायको धरते, आणि जिने सरता धरला तिची तूर, हा आमच्या घरचा रिवाज. डाळ किती ठेवायची, कोणाला द्यायची, तीच ठरवते. ज्वारी माझी. आजूबाजूला बरंचसं सोयाबीन झालं तरी कडब्यासाठी मी ज्वारी सोडली नाही.

तिचं तुरीचं बी माहेरचं होतं, धाडजवळच्या गावचं. बारीक, लालसर दाणा. लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीला तिच्या आईने दिलेलं. दरवर्षी चांगल्या झाडांच्या शेंगा ती वेगळ्या काढायची, दाणे राखेत घोळून ठेवायची.

सहा-सात वर्षं झाली असतील. त्या साली शेजाऱ्याची ज्वारी माझ्यापेक्षा हिरवी होती आणि ते मला रोज बांधावरून दिसत होतं. डवरणी करून तण काढल्यावर मी युरिया आणला. ती चार दिवस माहेरी चालली होती. निघताना म्हणाली, "जवारीले टाका काय टाकाचं ते. माह्या तासाले टाकू नका. तूर आपलं खत आपल्या मुळातच करते, माय सांगे."

"हाव, हाव," मी म्हणालो.

ज्वारीच्या बुडाशी वाकून टाकायचं तर दोन दिवस गेले असते. मी उभ्यानेच मुठी फेकल्या, सगळ्या शेतावर. उरला तोही दोन दिवसांनी तसाच फेकला. नजरचूक झाली असं म्हणता येणार नाही. तिचे तास मला दिसत होते.

ज्वारी पुरुषभर वाढली, काळीभोर. तिच्या सावलीत तूर काडीसारखी उभी. बायकोने एक झाड उपटलं, माती झटकली आणि मूळ माझ्यापुढे धरलं.

"गाठी कुठी हायेत? दरसाल मुळाले मण्यासारख्या गाठी असतात. यंदा काऊन नाही?"

"बी थकलं तुह्यं," मी म्हणालो. "किती वर्षं तेच तेच पेरतं?"

मी कमी बोलतो. त्यामुळे जे बोलतो ते खरं धरायची तिला सवय होती.

तुरीला शेंगा नावापुरत्या लागल्या. आदल्या साली राखून ठेवलेलं बी घरात होतं. ते तिने चाळलं, धुतलं, वाळवलं आणि भरडून डाळ केली. ती डाळ मी खाल्ली. तिने आईला फोन केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "माय, आपलं बी बसलं व. तूही पेरू नको आता." आईनेही पुढच्या पेरणीला दुकानातलं बी आणलं. दोन वर्षांनी म्हातारी गेली.

यंदा पेरणीआधी मंदिराच्या सभामंडपात कृषी सहायकाने बैठक घेतली. युरिया ज्वारीलाच द्या, तोही दोन हप्त्यांत, असं तो सांगत होता. तुरीला आयतं मिळालं की ती मुळावर गाठी करत नाही, वरून माजलेली ज्वारी तिला दाबते. "तुरीच्या तासाला युरिया टाकणारे कोण कोण आहेत?"

"साहेब, हाताले काय डोळे असतात?" मागून एक जण बोलला. सगळे हसले. बायको बायकांमध्ये पुढे बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत राहिलो.

घरी जाताना रस्त्यात बोललो. "म्या टाकला होता. सगळ्या वावराले. दोनदा."

ती चालता चालता म्हणाली, "आन् मले म्हणले, बी थकलं."

"हाव."

"मायले आता काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "भावाले तरी सांगा. तुमच्या तोंडानं."

जीपने गेलो. तिचा भाऊ गोठ्यात होता. मी सांगितलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बोलला.

"जवाईबापू, माय शेवटलोक म्हणे, लेकीले बी सांभाळता आलं नाही. आमच्यापाशी म्हणे. तिच्यापाशी कधी बोलली नाही."

परत येताना जीपमध्ये ठरवत होतो, हे तिला सांगायचं की गिळायचं. गिळणं मला सोपं जातं, आयुष्यभर तेच केलं. घरी पोचलो, ती भाकरी थापत होती. सांगितलं, एकही शब्द न गाळता.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग तुम्ही काय म्हणले?"

"म्हणलं, तिचा दोष नव्हता. माहा होता."

"ऐकाले कोण होतं?"

"तो एकटाच."

"भावजय नव्हती?"

"नव्हती."

"मायचं बोलणं तर तिनंही ऐकलं असंन," ती म्हणाली. "तिले सांगून या."

येत्या बाजाराच्या दिवशी जाणार आहे.