दिल्लीत ‘काऊन’ विचारू नये

आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत दोन गोष्टी न बोलावता साचतात. एक, दोरीवरच्या कपड्यांवर राख आणि दुसरी, किस्से. राख निदान झटकता तरी येते. किस्से कँटीनमध्ये पुन्हा पुन्हा सांगावे लागतात आणि दर वेळी ते थोडे फुगतात. पण आमच्या दिल्लीच्या एलटीसीचे किस्से मी फुगवून सांगत नाही. तशी गरजच पडत नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला नवं नवं केंद्र सुरू झालेलं आणि एलटीसी म्हणजे हक्काची रजा, वर प्रवासखर्च ऑफिसचा, म्हणून सगळी शिफ्ट कुठे ना कुठे निघालेली. आम्ही चौघं दिल्लीला निघालो. मी, आमच्या पाळीवर देखरेख करणारे चार्जमन उरकुडे भाऊ, वेल्डर रामटेके आणि उरकुडे भाऊंची आई पार्बताबाई. तिला आम्ही सगळेच माय म्हणायचो.

माय काही किल्ले-मिनार बघायला निघाली नव्हती. तिचं गाव धरणात गेलं होतं. मोबदला मिळाला, मुलाला नोकरी लागली, सगळं रीतसर झालं. पण आपलंच गाव का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तहसीलमध्ये विचारलं तर म्हणाले, वरून आलं. नागपूरला विचारलं तर म्हणाले, आणखी वरून आलं. सगळ्यात वर दिल्ली, हे मायनं स्वतःच ठरवून टाकलं.

“मले दिल्लीले एकच गोस्ट इचाराची हाय,” बल्लारशाच्या फलाटावर तिनं जाहीर केलं. “आमचं गाव काऊन बुडवलं?”

उरकुडे भाऊंच्या हातातलं भजं तसंच राहिलं. त्या धरणाचं पाणी आमच्याच केंद्रात येत होतं आणि त्यांची नोकरीही त्या पाण्यासोबतच आली होती. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, “मायनं तिथी तमाशा नाई केला म्हंजे मिळवली!”

*

उरकुडे भाऊंना आपल्या हिंदीचा भारी अभिमान. “आपल्याले काय बाप्पा, हिंदी तं घरचीच हाय!” स्टेशनबाहेर त्यांनी पहिलाच ऑटोवाला पकडला आणि कुतुबमिनारला चल म्हणाले.

“उधर नहीं जाऊँगा,” तो म्हणाला.

“काऊन?”

“कौन क्या? मैं! मैं नहीं जाऊँगा!”

“अरे पर काऊन?”

“कहा ना, मैं!”

आमच्याकडे ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात आणि ऑटोवाल्याला ते ‘कौन’ ऐकू येतंय, हे फक्त रामटेकेच्या लक्षात आलं होतं. पण तो हसून हसून फुटपाथवर बसला होता, त्याचा काय उपयोग! मग सिटी बसमध्ये त्यानं आम्हा सगळ्यांची शिकवणी घेतली. “इथी काऊन म्हनाचं नाई. ‘क्यूँ’ म्हनाचं. माय, म्हना बरं, क्यूँ!”

माय म्हणाली, “काऊन?”

*

कुतुबमिनारापाशी उरकुडे भाऊ मान वर करून बराच वेळ उभे राहिले. चार्जमनचा डोळा तो! गाईडला वाटलं, गिऱ्हाईक भारावलं. तो जोरात सुरू झाला. कुठला सुलतान, कुठला दगड, कुठली नक्षी.

“आपली चिमणी याच्याहून उंच हाय,” भाऊ मला म्हणाले.

गाईडला ‘चिमणी’ तेवढं कळलं. तो रागावला. हे शेकडो वर्षांपासून असंच उभं आहे, याला चिमणी काय म्हणता, असं त्यानं ऐकवलं.

भाऊ चकित झाले. “इतक्या वर्सांत एकदाबी धूर नाई निघाला?”

*

जंतरमंतरची वेगळीच गंमत. आमच्याकडे जंतरमंतर म्हटलं की लिंबू, कुंकू आणि अंगारा. मायनं सकाळीच धर्मशाळेच्या नळावर आंघोळ केली, केस पुसले आणि उपाशीपोटी निघाली. तिथे पोचलो तर नुसत्या लाल भिंती, तिरपे जिने आणि वर जाऊन काहीच नाही. माय एका जिन्यापुढे हात जोडून उभी राहिली.

रामटेकेकडे माहितीचं पुस्तक होतं. त्यानं वाचून सांगितलं, ही घड्याळं आहेत, सावलीवरून वेळ कळते. मग तो, मी आणि उरकुडे भाऊ, तिघं सावली वाचायला लागलो. माझ्या हिशेबानं दुपार झाली होती, रामटेकेच्या हिशेबानं सकाळ होती. भाऊ तर यंत्राचा खटका शोधत मागच्या बाजूला गेले होते!

माय शांतपणे सगळं बघत होती. शेवटी तिनं रामटेकेला जवळ बोलावून विचारलं, “इथी आंगात कोनाच्या येते?”

रामटेकेनं आम्हा दोघांकडे बोट दाखवलं.

*

एका संध्याकाळी धर्मशाळेतली लाइट गेली. पंखा थांबला मात्र, उरकुडे भाऊ बनियनवरच बाहेर धावले. “युनिट ट्रिप झालं, बंद पडलं! फोन लाव रे, फोन लाव!” आपण दिल्लीत आहोत आणि रजेवर आहोत, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर सगळी धर्मशाळा व्हरांड्यात जमली होती.

मॅनेजरला आम्ही कुठे काम करतो ते माहीत होतं. तो म्हणाला, “आप तो बिजलीवाले हैं ना? फिर?”

आम्ही तिघं असे ओशाळलो, की जणू आम्हीच बटण बंद करून आलो होतो. माय अंधारात पदरानं वारा घेत बसली होती.

“काऊन रे बापू,” ती म्हणाली, “येवढं गाव देल्लं, तरी लाइट जातेच काय?”

उरकुडे भाऊंनी शर्ट घातला आणि मेणबत्ती आणायला गेले. दुकान समोरच होतं, पण ते लवकर परतले नाहीत.

*

इंडिया गेट लांबून दिसलं तेव्हा माय खूश झाली. गेट तिला ओळखीचं. आमच्या चंद्रपूरभोवती गोंडराजाच्या काळातला परकोट आहे, त्याला जटपुरा गेट आहे, पठाणपुरा गेट आहे. गेटातून आत गेलं की गाव लागतं. माय पदर सावरून आत निघाली, तशी पलीकडे बाहेर आली. तिनं मागे वळून पाहिलं. परत आत गेली, परत बाहेर आली.

“भिंत कुठी हाय?” तिनं विचारलं.

“भिंत नाई, माय. नुसतं गेटच हाय,” रामटेके म्हणाला.

“मंग गाव कुठी हाय?”

मायनं गेटाचा दगड हातानं चाचपून पाहिला, जणू ओलावा शोधत होती.

“हेबी बुडालं काय गा?”

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आइस्क्रीमवाला समोर होता, म्हणून मी चौघांसाठी आइस्क्रीम आणलं. दुसरं काय करणार होतो?

*

शेवटच्या दिवशी माय नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, “आता दिल्लीच्या घरी चाला.” तिला राष्ट्रपती भवन म्हणायचं होतं. वाटेत उरकुडे भाऊ तिला बाजार दाखवत होते, माकडं दाखवत होते, काहीही दाखवत होते. माय सरळ चालत राहिली. फाटकापाशी एक उंच, मिशीवाला शिपाई उभा होता.

“माताजी, इससे आगे जाना मना है.”

“काऊन?”

“राष्ट्रपतिजी रहते हैं यहाँ.”

“बराबर. त्याहिलेच भेटाचं हाय.”

“माय, चाल ना वं,” उरकुडे भाऊंनी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

“बाबू, आमचं गाव धरनात बुडवलं.”

शिपायाला काही कळलं नाही. रामटेके पुढे झाला. “इनका गाँव डुबो दिया, साब. बाँध में.”

शिपायाचा चेहरा बदलला. त्याचंही कुठेतरी गाव असणारच. “किसने?” त्यानं विचारलं.

“काऊन?” माय म्हणाली.

“हाँ माताजी, कौन?”

“काऊन?”

“वही तो पूछ रहा हूँ. कौन?”

आता कुणीही हसत नव्हतं. दिल्लीभर ‘क्यूँ’ शिकवत फिरलेल्या रामटेकेनं माहितीचं पुस्तक पिशवीत टाकलं. उरकुडे भाऊ आपल्या चपलांकडे बघत होते. शिपाई खाली वाकला, मायच्या तोंडाजवळ कान नेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “कौन, माताजी?”

माय त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं आणि मुलाकडे वळली.

“चाल बापू, घरी. दिल्लीलेबी माहीत नाई. हाबी मलेच इचारून राह्यला, काऊन म्हनून!”