एकसारखे पत्ते

“मशीन नको. हाताने कापा,” शिरीनबाई म्हणाल्या आणि दामूअण्णांनी माझ्याकडे बघितलं. अण्णा आमच्या अलिबागच्या छापखान्याचे मालक. त्यांनी असं बघितलं की काम आपल्या गळ्यात पडलं असं समजायचं.

मी बाइंडर. मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती वर्षं. शाळेच्या वह्या, कोर्टाची रजिस्टरं, लग्नाच्या पत्रिका, जे छापून होईल ते शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडायचं. त्या हिवाळ्यात खळीने बोटं फाटली होती आणि पाठ तर कामातून गेली होती. नवीन जॉब बघितला की रडू यायचं, खरंच सांगतो. त्यात हे आलं.

पत्त्यांचा कॅट होता, पण खेळायचा नव्हे. भविष्य बघायचा. विलायतेत त्याला टॅरो म्हणतात. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकावर रंगीत चित्र आणि चित्राभोवती पांढरी किनार. शिरीनबाई पारशी, विधवा, मुंबई सोडून समुद्रावरच्या बंगल्यात राहायला आलेल्या. खाऱ्या हवेने किनारींवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. काही कोपरे मळले होते, काही दुमडले होते.

“किनार काढून टाका. सगळे पत्ते एकसारखे व्हायला पाहिजेत. पाठीवरून एक पण ओळखू यायला नाही पाहिजे.”

“बाई, बुरशी तर खडूच्या भुकटीने पण पुसता येईल,” मी अंग काढून घ्यायला बघितलं.

“बुरशीचं नाही रे. माझी पारू लुच्ची आहे. पत्ता ओढ सांगितला के वाईटवाला सोडून देते. त्याचा कोपरा फाटलाय, ते तिला पाठ झालंय.”

वाईटवाला त्यांनी काढून दाखवला. पांढरा घोडा आणि त्यावर बसलेला हाडांचा सापळा. “याचा अर्थ मरण नाही, बदल,” बाई म्हणाल्या. “पण तिला कोण समजावणार?”

पारू त्यांच्या घरी कामाला होती. तिचा नवरा खलाशी. मंगळुरी कौलं आणायला मलबारात गेलेल्या मचव्यावर होता. बरोबरचे बाकीचे मचवे रेवदंड्याच्या बंदरात कधीच येऊन लागले होते. याचा पत्ता नव्हता. म्हणून दर शुक्रवारी बाई तिला एक पत्ता ओढायला लावायच्या आणि त्यावरून चार धीराचे शब्द सांगायच्या.

“देतो की करून! आमच्या माणसाचा हात म्हणजे काय!” अण्णा म्हणाले. हात माझा, जीभ त्यांची. हे आमचं नेहमीचंच.

आता ही कटकट काय होती ते सांगतो. कटिंग मशीनमध्ये गठ्ठा दाबून वरून पातं सोडतात. पातं कागदाला किंचित ओढून नेतं, त्यामुळे वरचा आणि खालचा कागद यांत केसाएवढा फरक पडतो. वहीत तो कुणाला दिसत नाही. पत्त्यात मात्र बोटाला लागतो. म्हणून एकेक पत्ता पोलादी पट्टी धरून रापीने, म्हणजे आमच्या बाइंडिंगच्या सुरीने, कापायचा.

पण खरी गोम पुढेच होती. कॅटबरोबर जाहिरातीचा एक जादा पत्ता आला होता, त्यावर सॅम्पल कापून बघितलं. चित्राच्या चौकटीवरून कापलं, समोरून झकास दिसलं. उलटा केला तर पाठीवरची नक्षी एका बाजूला सरकलेली. छापताना पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी छापतात, आणि ती तंतोतंत एकावर एक कधीच बसत नाही. प्रत्येक पत्ता चित्राप्रमाणे कापला असता तर प्रत्येकाची पाठ निराळी दिसली असती. म्हणजे एका फाटक्या कोपऱ्याऐवजी अठ्ठ्याहत्तर खुणा.

“पाठीवरून कापतो. चित्रं थोडी वाकडी दिसतील,” मी अण्णांना म्हटलं.

“वाकडी? गिऱ्हाईक तोंडावर फेकेल माझ्या!”

“तुम्हीच विचारा त्यांना.”

बाईंनी पाठ निवडली. मी जस्ताच्या पत्र्याचा एक तुकडा नक्षीच्या मापाने घासून तयार केला. तो पत्त्याच्या पाठीवर ठेवायचा, चारी बाजूंनी रापी फिरवायची, कोपरे छिन्नीने गोल करायचे. दुपारी अण्णा झोपले की हे काम काढायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. जास्त दाबलं तर कड चुरडते, कमी दाबलं तर कडेला कागदाचं तूस राहतं.

अर्धे पत्ते झाले असतील, तेव्हा पारू आली. पदराने तोंड पुसत दारातच उभी राहिली.

“दादा, बाईचं पत्तं तूच कापतोस न्हवं?”

“हो.”

“त्यातला त्यो घोडा हाय ना, त्याला येक खूण ठेव. लय न्हाय. बोटाला कळंल इतकीच.”

“बाईंनी सगळे एकसारखे सांगितलेत.”

“बाईला काय व्हतंय सांगायला! तिचा मानूस दर्यात न्हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्यो पत्ता माज्या हाताला आला ना, तर मी त्या दिवशी मरंन, दादा.”

मला तिची दया आली. नाही असं नाही. पण एकसारखं कापणं हे माझं काम आणि त्यात जाणूनबुजून खोट ठेवायची म्हणजे आपलेच हात आपल्यावर थुंकतील. मी मान हलवली. ती निघून गेली.

काम संपलं. बाई आल्या, पत्ते पालथे पसरून बघितले, डोळे मिटून कडांवरून बोटं फिरवली. एकही ओळखता येईना. “वाह, मास्तर!” म्हणाल्या. मग पत्ते गोळा करायला लागल्या.

“मास्तर, तो घोडावाला कुठला, ते मला एकटीला कळेल असं काही करता येईल?”

मी कपाळावर हात मारला. “बाई, तुम्हीच तर...”

“मीच सांगितलं. पण तिने तो ओढला आणि माझ्याकडे बघितलं, तर मी काय सांगू? बदल, म्हणून सांगू?”

शेवटी त्यांनी पत्ते उलटे केले, घोडा शोधला आणि माझ्यापुढे सरकवला. “तुमच्याकडे ठेवा. घरात ठेवला तर झाडताना तिला मिळेल.” मी तो खणात टाकला. एवढा घाम गाळून सारखा केलेला कॅट शेवटी एक पत्ता कमी होऊन गेला. मी वैतागलो, पण वैतागायलाही ताकद लागते.

पुढच्या शुक्रवारच्या आधीच पारू धापा टाकत छापखान्यात आली. बाई आंघोळीला गेल्या असताना तिने सगळे पत्ते उलटून बघितले होते. घोड्यावर माझ्याकडून चुकून एखादी खूण राहिली असेल, तर ती शोधायला.

“घोडा कुठं हाय? कापताना तू वाया घालवलास काय?”

“मी एकही पत्ता वाया घालवलेला नाही,” मी फणकाऱ्याने म्हणालो. “बाईंना विचार.”

ती मटकन पायरीवर बसली. “म्हंजे बाईनं काढला. बाईला कळलंय.”

“अगं, तुझ्या मायेपोटी काढला त्यांनी.”

“माया हाय म्हनूनच लपवला न्हवं? कायतरी कळल्याबिगर कोन लपवंल?”

तिला शोधत शिरीनबाई आल्या, तरी ती उठली नाही. बाईंनी शपथा घेतल्या, मला काही कळलेलं नाही म्हणून सांगितलं. पारूचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी माझ्याकडून घोडा मागून घेतला, तिच्या डोळ्यांदेखत कॅटमध्ये घातला, पिसला आणि माझ्या टेबलावर पत्ते पालथे पसरले.

“ओढ.”

“मी न्हाय. तुमी बी नका वढू.”

“मी नाहीच ओढणार,” बाई म्हणाल्या. त्यांनी हात मागे घेतले.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. “दादानं कापलंत,” पारू म्हणाली. “दादा वढंल.”

आतून अण्णा पत्रिकांसाठी ओरडत होते. मी खळीचे हात पुसले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी बोटं आपोआप कडा चाचपायला लागली. एखादं तूस, एखादा चुरडलेला कोपरा, काहीही. काहीच लागेना. सगळे पत्ते हुबेहूब सारखे. त्या क्षणी मला माझ्या हाताचा संताप आला. एक खूण ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

मी एक पत्ता उलटला.

लाकडांचा भारा उचलून एक माणूस चालला होता. पाठमोरा, वाकलेला. पुढे लांब एक गाव.

पारूने पत्ता जवळ घेतला. “घराकडं चाललाय,” ती म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. त्या पत्त्याचा अर्थ पुस्तकात ओझं, हाल असा काहीतरी आहे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तेव्हा त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाल्या, “हो गं. घराकडेच.”

मचवा आला. डोलकाठी मोडून वाटेतल्या एका बंदरात अडकून पडला होता आणि दुरुस्तीला कुणी भेटत नव्हतं. पारूचा नवरा वाळून काटकी झाला होता, पण धडधाकट होता. बाई म्हणाल्या, पत्त्यांनी सांगितलंच होतं. पारूने श्रेय माझ्या हाताला दिलं आणि ते कोळीवाड्यात सगळीकडे सांगून आली. त्यानंतर वारा पडला, होडी लांबली की एखादी बाई छापखान्याच्या दारात येऊन उभी राहायची. “दादा, बाईकडं चल. येक पत्ता वढ.”

मी एकदाही गेलो नाही. पत्ते एकसारखे कापून हवे असतील तर कुणीही यावं, कापून देईन. ओढायला दुसरा माणूस बघावा.