ओढ्याची माती

घरात आम्ही दखनी बोलतो, पण शेताचा विषय निघाला की अब्बा मराठीत शिरायचे. मातीची नावं त्यांना दुसऱ्या भाषेत येतच नव्हती.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी अंगाला पाणी लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा नमाजाआधी पाण्यानं हातपाय धुवायच्या वजूऐवजी मातीचा तयम्मुम सुरू झाला. शेतातली कोरडी माती परातीत ठेवलेली असायची. तिच्यावर तळवे टेकवायचे आणि तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. मक्केला जायची आस त्यांनी जन्मभर बाळगली होती. मी तिथल्या छोट्या यात्रेला, उमऱ्याला निघालो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथली मूठभर माती आण. एकदा तरी तिच्यावर हात टेकवू दे."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

तिथं पायाखाली सगळा संगमरवर. एका टेकडीपाशी माती दिसली, पण सोबतचे मौलाना भडकले. हरमची, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीतली माती हरमबाहेर न्यायची नसते म्हणाले. रिकाम्या हातानं गावात उतरलो, अब्बांचा चेहरा आठवला आणि माझी बुद्धी फिरली. गावाबाहेरच्या ओढ्यातली रेताड माती चाळली, पांढऱ्या फडक्यात बांधली. ज्यांचं उभं आयुष्य मातीत गेलं त्यांना मी मातीवरून फसवायला निघालो होतो. केवढा मी शहाणा!

अब्बांनी चिमूट चोळली, नाकाशी नेली.

"ही आपल्या वड्याची हाय. बाभळीखालची."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं कबूल केलं.

"मौलाना बरोबर बोलले," अब्बा म्हणाले. "कुराणात मुसा नबींना पाक दरीत चपला काढायला सांगितल्या, दरी उचलून न्यायला न्हाय. आन आपल्या पैगंबरांसाठी तर सारी जमीनच सजद्याची, कपाळ टेकायची जागा केलीय. मंग आपला वडा का त्यातनं वगळलाय?"

त्यांनी त्याच मातीवर हात टेकवले, पडल्या पडल्या नमाज अदा केली. मला वाटलं, विषय मिटला.

"पण तिथली माती रंगानं कशी असती रं?"

मी ती नीट बघितलीच नव्हती. ती कुणाला न दिसता उचलायची कशी, एवढंच मी बघत होतो. "तांबूस असावी," असं काहीतरी बोललो. अब्बांनी मान वळवली.

त्यानंतर ते महिनाभरच होते. मला पुन्हा तिथं जायचंय, ती माती डोळे भरून बघायचीय. पण येऊन सांगू कुणाला?