जानकी घाडीची भीती

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर एक छोटं कॅन्टीन आहे. चार टेबलं, दोन पंखे, आणि भिंतीवर खडूने लिहिलेला आजचा बेत. ते जानकी घाडीचं. गेली एकोणीस वर्षं वरच्या गाळ्यांतले कामगार तिच्या हातचं जेवतात आणि तिला घाबरतात. तिला मावशी म्हणतात खरं, पण ताटात भात टाकून उठायची कोणाची छाती होत नाही.

बाई होतीच तशी. एकदा पाण्याच्या टाकीमागे लांबलचक धामण निघाली, तेव्हा अख्खी इस्टेट खुर्च्यांवर चढली होती. जानकीने खराटा आणि बादली घेतली, धामण बादलीत घातली, वर ताट झाकलं आणि सर्पमित्र येईपर्यंत त्या ताटावर वरवंटा ठेवून पोळ्या लाटत बसली. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या एका माणसाला तिने उलथनं दाखवून थेट रिक्षा स्टँडपर्यंत पोचवलं होतं. सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं की शेजारणी आधी तिची बेल वाजवत.

अशा या जानकीला फुलपाखराची भीती वाटायची.

नुसती भीती नव्हे, दरदरून घाम फुटायचा. फुलपाखरू, पतंग, दिव्यावर येणारं कुठलंही फडफडतं पाखरू. कुडाळजवळच्या तिच्या गावी, ती सात वर्षांची असताना, तिन्हीसांजेला कंदिलाजवळ बसून ती पाढे म्हणत होती. एक तळहाताएवढं तपकिरी पाखरू आलं आणि तिच्या मोकळ्या केसांत अडकलं. आई गोठ्यात होती. ती धावत येईपर्यंत ते कानाशी फडफडत राहिलं. तो आवाज पन्नास वर्षांत कानातून गेला नाही.

हे ठाऊक होतं एकट्या नंदूला, तिच्या नवऱ्याला. घरात पाखरू शिरलं की तो उठायचा, दिवा घालवायचा, खिडकी उघडायचा. ती तोवर मोरीत जाऊन उभी. पुढे मुलगा सुशांत मोठा झाला तेव्हा हे काम त्याच्यावर आलं. "पोरगा धीट व्हायला पाहिजे," असं जानकी सांगायची, आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

गेल्या डिसेंबरात नात अक्षता सहा वर्षांची झाली. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, "फुलपाखरांचं घर." बोरिवलीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असं एक जाळीचं घर होतं, शाळेतल्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या. सून दीप्तीने लगेच रविवारचं बुकिंग केलं. पाच जणांचं.

जानकीचा गुडघा त्याच संध्याकाळी दुखायला लागला.

"मी कशाला? तुम्ही जावा. मला कॅन्टीनची भाजी निवडायचीय."

"आई, रविवारी कॅन्टीन बंद असतं," दीप्ती म्हणाली.

"आजी येणार नसेल तर मी पण नाही जाणार," अक्षताने जाहीर केलं, आणि विषय संपला.

निजताना नंदू हळूच म्हणाला, "अगो, सांगून टाक ना तेंका."

"तुमी गप रवा," जानकी म्हणाली. "हसतले सगळे."

रविवारी सकाळी साडेनऊला पाचही जण त्या जाळीच्या घरासमोर उभे होते. सुगंधा नावाची एक तरुण मुलगी माहिती द्यायला होती. तिने समजावलं: आत दोन पडदे आहेत, एक बंद झाल्यावरच दुसरा उघडायचा. हळू चालायचं, पकडायचं नाही, आणि पायाखाली बघायचं, कारण काही फुलपाखरं जमिनीवर बसतात.

"मी बाहेर पिशव्या सांभाळते," जानकी म्हणाली.

"पिशव्या गाडीत आहेत गं आई. चल ना यार," सुशांतने तिला खांद्याला धरून पुढे केलं.

पहिला पडदा. दुसरा पडदा. जानकीने नंदूच्या शर्टाची पाठ मुठीत धरली आणि नजर त्याच्या चपलांवर ठेवली. आजूबाजूला काहीतरी पिवळं, काहीतरी पांढरं हलत होतं. ती मनात पाढे म्हणत होती. अक्षता मात्र पुढे बागडत होती. "आजी, ते बघ! आजी, हे बघ!"

"बघतेय, बघतेय," जानकी चपलांकडे बघत म्हणाली.

मग सुगंधाने वर बोट दाखवलं. "ही राणी पाकोळी. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू." काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलं ते मोठं फुलपाखरू एक गिरकी घेऊन खाली आलं आणि बरोबर अक्षताच्या केसांतल्या क्लिपवर बसलं. पंख तिच्या कपाळाला लागले.

अक्षताने जोरात किंकाळी फोडली. फुलपाखरू कधीच उडून गेलं, तरी ती थांबेना. दोन्ही हातांनी डोकं धरून ती खालीच बसली.

सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. सुशांत म्हणाला, "अगं वेडाबाई, एवढंसं फुलपाखरू! आपली आजी बघ. साप पकडते आणि तू फुलपाखराला घाबरतेस?"

अक्षताने आजीकडे बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरत होता. रडू आता भीतीचं राहिलं नव्हतं, लाजेचं झालं होतं. जानकीला ते लगेच कळलं. तिने नंदूचा शर्ट सोडला, दुखरा म्हणून सांगितलेला गुडघा सरळ जमिनीवर टेकला आणि म्हणाली, "मला पण वाटते."

"काय?"

"भीती. फुलपाखराची. तुझ्यापेक्षा जास्त."

अक्षताचं रडणं मध्येच थांबलं. "आई शप्पथ?"

"आई शप्पथ. हा हात बघ." तिचा तळवा घामाने ओला होता. अक्षताने तो नीट तपासला आणि समाधानाने मान हलवली.

सुशांतच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "म्हणजे... माझ्या दहावीच्या परीक्षेत रात्री उठवून तू मला जे पाखरू काढायला लावलंस... ते मी धीट व्हावं म्हणून नव्हतं?"

"झालास ना धीट?" जानकी म्हणाली. "मग!"

आता हसणं वेगळंच होतं. नंदू तर डोळे पुसायला लागला. सुगंधाने मात्र न हसता विचारलं, "न उडणारं काही बघायचंय का?" ती दोघींना कोपऱ्यातल्या कढीपत्त्याच्या कुंड्यांकडे घेऊन गेली. तिथे पानांवर हिरव्या अळ्या होत्या. अळ्यांचं जानकीला काहीच वाटत नसे. कढीपत्त्यावरच्या अशा शेकडो अळ्या तिने आजवर उचलून फेकल्या होत्या. त्या कशाच्या होत्या हे आज समजलं, आणि ती जरा ओशाळली.

शेजारच्या काडीवर एक कोष नुकताच फुटला होता. त्यातून निघालेलं फुलपाखरू रिकाम्या कोषाला लटकून होतं. पंख कसले, पिळून टाकलेल्या ओल्या पोलक्यासारख्या चिंध्या.

"हे आजारी आहे?" अक्षताने विचारलं.

"नाही गं, नवीन आहे. पंख वाळायला तास-दोन तास लागतात. तोवर ते कुठेच जाऊ शकत नाही."

दोघी उकिडव्या बसून बघत राहिल्या. चिंधी इंचाइंचाने उलगडत होती. जानकीला सुशांत झाला ती सकाळ आठवली, त्याच्या बोटांवरच्या सुरकुत्या आठवल्या. बाकीचे चहा पिऊन आले तरी या दोघी हलल्या नव्हत्या. पंख जवळजवळ सरळ झाले तसं ते चढायला जागा शोधायला लागलं. सुगंधा म्हणाली, "बोट पुढे धरा. त्याचं तेच चढेल."

"तू आधी," अक्षता म्हणाली.

"तू आधी."

शेवटी दोघींनी बोटाला बोट लावून धरलं. फुलपाखराने आजीचं बोट निवडलं. सहा बारीक पाय, काहीच वजन नाही. जानकीने पुन्हा पाढे धरले. तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तर, तेरा साती एक्क्याण्णव... आणि त्याने पहिल्यांदाच पंख फडफडवले.

जानकी जी ओरडली ती पार्किंगमधल्या वॉचमनलाही ऐकू गेली. पण हात तिने झटकला नाही. डोळे मिटून, बोट तसंच पुढे धरून ती ओरडत होती, "काढा रे कोणीतरी! हळू काढा! पंख ओले आहेत त्याचे!"

भीती काही गेली नाही. परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेवर वाळकं पान आपटलं, तरी आजी आणि नात एकदमच दचकल्या.

सोमवारी सकाळी कॅन्टीनची भाजी पोचवायला आलेल्या सुशांतच्या कृपेने दुपारपर्यंत ही गोष्ट इस्टेटभर झाली होती. जेवणाच्या वेळी पोरांनी तिला भरपूर पिडलं. गर्दी ओसरल्यावर श्यामसुंदर, चौथ्या मजल्यावर लेथ चालवणारा दांडगा, मिशाळ टर्नर, ताट ठेवायला आला आणि तिथेच घुटमळला.

"मावशी, कोणाला सांगू नका. मला लिफ्टची भीती वाटते. आठ वर्षं जिन्याने चढतोय. सगळ्यांना वाटतं, व्यायाम करतो."

जानकीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदराला हात पुसले आणि गॅस बंद केला.

"चल," ती म्हणाली. "लिफ्टचं मला काही वाटत नाही."